ग्रँड टेटनचा सायकलमार्ग: जॅक्सन ते जेनी लेक

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यान बहुतेक पर्यटक मोटारीच्या काचेतूनच पाहतात. ठरलेल्या थांब्यांवर उतरून ते छायाचित्रे काढतात आणि दुपारपर्यंत यलोस्टोनच्या दिशेने निघूनही जातात. याच उद्यानात रस्त्याला समांतर, परंतु रस्त्यापासून वेगळा ठेवलेला एक डांबरी मार्ग आहे. तो जॅक्सन गावातून निघतो आणि मूस या वस्तीवरून जेनी लेक या तलावाच्या दक्षिण टोकापर्यंत, म्हणजे साधारण २० मैल किंवा ३२ किलोमीटर जातो. त्यावर मोटारींना मज्जाव आहे. सायकली, पादचारी, स्केटिंग करणारे आणि चाकाच्या खुर्चीवरून येणारे असे सगळे तो वापरतात. ज्यांनी कित्येक वर्षांत सायकलला हात लावलेला नाही, त्यांनी हा मार्ग जरूर अनुभवावा असे माझे मत आहे. रोज पन्नास-साठ किलोमीटर सायकल मारणाऱ्यांना मात्र तो अपुरा वाटेल आणि त्यांची ती तक्रार खोटी म्हणता येणार नाही.

हा मार्ग एका दमात झालेला नाही. उद्यानाच्या मुख्य रस्त्याला पुरेशी साईडपट्टी नव्हती आणि त्यावर सायकलस्वारांचे बळी गेले होते. त्यानंतर स्वतंत्र मार्गाची मागणी जोर धरत गेली आणि मूस ते दक्षिण जेनी लेक हा पावणेआठ मैलांचा पहिला टप्पा २००९ मध्ये खुला झाला. जॅक्सनपासून मूसपर्यंतचा भाग २०१२ मध्ये जोडला गेला. या दोन टप्प्यांचा स्वभाव इतका वेगळा आहे की त्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल, म्हणून मी त्यांचा विचार स्वतंत्रपणे करतो.

जॅक्सन ते मूस हा टप्पा साधारण १२ मैलांचा आहे आणि तो महामार्गाच्या सोबतीने जातो. गाव सुटले की एल्क या मोठ्या हरणांसाठी राखलेल्या राष्ट्रीय एल्क अभयारण्याची हद्द लागते. हे अभयारण्य १९१२ सालचे असून हिवाळ्यात हजारो एल्क येथे उतरतात. या कळपांच्या स्थलांतरात अडथळा येऊ नये म्हणून मार्गाचा हा भाग नोव्हेंबरपासून एप्रिलअखेरपर्यंत बंद ठेवतात. गंमत अशी की मार्ग उघडा असतो त्या दिवसांत एल्क वर डोंगरात चरायला गेलेले असतात, त्यामुळे अभयारण्याच्या नावावर भिस्त ठेवून निघालेल्या माणसाला बहुधा मोकळे गवत आणि कुंपणच पाहावे लागते. पुढे एक चढ, मग ग्रो व्हाँत्र नदीवरचा पूल आणि त्यानंतर विमानतळाचा परिसर लागतो. जॅक्सन होल विमानतळ हा अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असलेला एकमेव प्रवासी विमानतळ आहे, आणि टेटन पर्वतरांगेच्या शिखरांसमोरून उतरणारे विमान पाहताना मौज वाटत असली तरी शांततेच्या अपेक्षेने आलेल्याला ती घरघर खटकतेच. या टप्प्यात दृश्य वाईट नाही, पण कानाशी महामार्गावरच्या मोटारींचा आवाज सतत असतो. पायात ताकद असेल आणि पूर्ण अंतर कापल्याचे समाधान हवे असेल तर हा टप्पा जरूर करावा. एरवी मोटारीने थेट मूस गाठून तेथून सायकल सुरू केली तर काही फार गमावले असे होत नाही.

मूसला क्रेग थॉमस अभ्यागत केंद्र आहे. तेथे पार्किंग, स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी मिळते. पाणी येथेच पुरते भरून घ्यावे, कारण पुढे जेनी लेकपर्यंत ते मिळेल या भरवशावर निघणे शहाणपणाचे नाही. स्नेक नदीच्या पलीकडे डॉर्नन्स येथे सायकली भाड्याने मिळतात. जॅक्सन गावातही भाड्याची दुकाने पुष्कळ आहेत. सायकल कोठूनही घ्या, पण दुकानाच्या अंगणात दोन फेऱ्या मारून पाहिल्याशिवाय बाहेर पडू नका. याचे एक विशेष कारण आहे. अमेरिकेतील सायकलींना डाव्या हाताच्या लिव्हरने पुढचा ब्रेक लागतो आणि उजव्या हाताच्या लिव्हरने मागचा. भारतात मात्र आपल्या हाताला उजवीकडे पुढचा ब्रेक असण्याची सवय असते. सपाटीवर हा फरक जाणवतही नाही, परंतु उतारावर घाईघाईने डावी लिव्हर करकचून दाबली गेली तर मागचे चाक उचलले जाऊ शकते. त्यात वाहतूक उजव्या बाजूने चालते. तेव्हा पहिला अर्धा मैल सावकाश जाऊन हातांना आणि नजरेला नवी शिस्त लावून घेणे बरे.

बॅटरीच्या सायकली या मार्गावर चालतात, मात्र मोटर ७५० वॉटपेक्षा कमी क्षमतेची असावी लागते आणि ती पायडल मारताना मदतीपुरतीच वापरायची असते; नुसता थ्रॉटल पिळून बसून राहण्याला परवानगी नाही. मूस ते जेनी लेक एवढेच करायचे असेल तर बॅटरीची सायकल घेण्याची गरज आहे असे मला वाटत नाही. या टप्प्याच्या दोन टोकांमधील उंचीचा फरक जेमतेम साडेतीनशे फुटांचा आहे आणि गिअर असलेल्या साध्या सायकलवर तो कोणीही बेताची प्रकृती असलेला माणूस चढून जाईल. फक्त एक ध्यानात ठेवावे की मूस समुद्रसपाटीपासून सुमारे ६,४५० फुटांवर आहे. सखल प्रदेशातून आदल्या दिवशीच विमानाने आलेल्या माणसाला एरवी किरकोळ वाटणाऱ्या चढावरही धाप लागते. तो दोष सायकलचा नसतो, पायांचाही नसतो. एखादा दिवस गावात हिंडून मग सायकलवर बसले की फरक कळतो.

मूसच्या प्रवेशद्वारापासून पुढे निघाल्यावर उजवीकडे चॅपल ऑफ द ट्रान्सफिगरेशन या १९२५ साली बांधलेल्या लहानशा लाकडी चर्चकडे फाटा जातो. तेथे वाकडी वाट करून जाणे सार्थकी लागते. आत वेदीच्या मागे रंगीत काच नाही, तर साधी खिडकी आहे आणि तिच्या चौकटीत थेट टेटनची शिखरे दिसतात. मुख्य मार्गावर परतल्यावर लगेच या टप्प्यातील सर्वांत दमवणारा भाग येतो. नदीकाठच्या सखल भागातून मार्ग वरच्या सपाटीवर चढतो, आणि शरीर तापण्याआधीच हा चढ वाट्याला येत असल्याने पुष्कळ जण येथेच सायकलवरून उतरून चालू लागतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. चढ संपला की मात्र पुढची वाट जवळजवळ सपाट होते आणि डाव्या हाताला सगळी पर्वतरांग एकदम उघडी पडते.

हे दृश्य इतके अंगावर येते, त्याचे कारण जमिनीखाली आहे. जवळपास प्रत्येक मोठ्या पर्वताला पायथ्याच्या टेकड्या असतात, आपली नजर त्या टेकड्यांच्या पायऱ्यांवरून हळूहळू शिखराकडे जाते. टेटनला पूर्वेच्या बाजूने अशा टेकड्याच नाहीत. रांगेच्या पायथ्याशी एक मोठा भूस्तरभंग आहे. गेल्या एक कोटीहून कमी वर्षांत भूकंपांच्या धक्क्यांगणिक पश्चिमेकडचा भाग वर उचलला गेला आणि पूर्वेकडचा, म्हणजे आपण सायकल चालवत असतो तो दरीचा तळ, खाली खचत गेला. त्यामुळे ग्रँड टेटनचे १३,७७५ फुटांचे शिखर आपल्या पातळीपासून जवळजवळ सात हजार फूट सरळ वर उभे दिसते, मधे काहीही नसते. खडक २७० कोटी वर्षांपर्यंत जुने आणि पर्वत म्हणून त्यांचे उभे राहणे मात्र भूगर्भशास्त्राच्या हिशेबात अगदी अलीकडचे, असा हा प्रकार आहे. मोटारीतून हेच दृश्य दिसते हे खरे, पण मोटारीत छताची कड शिखर कापून टाकते आणि चालवणाऱ्याला रस्त्यावरून नजर हटवता येत नाही. सायकलवर ताशी दहा-बारा मैलांच्या वेगात शिखरे एकमेकांमागून सरकताना दिसतात. मूसपाशी मागे वाटणारे टीविनॉट हे शिखर जेनी लेक जवळ येत जाते तसे पुढे येऊन ग्रँड टेटनलाच झाकू लागते. हा बदल थांब्या-थांब्यावर उतरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही, आणि या मार्गाची खरी किंमत मला त्यातच दिसते.

मार्ग साधारण दहा फूट रुंद आहे. समोरून सायकल आली तरी दोघांना सहज जाता येते, पण जोडीने गप्पा मारत जाणाऱ्यांनी एकामागे एक व्हायला हवे. मागून येणारा पुढे जाण्यापूर्वी घंटी वाजवतो किंवा ‘ऑन युअर लेफ्ट’ असे म्हणतो. ते ऐकू आले की डावीकडे वळून पाहण्याच्या नादात सायकल डावीकडेच न नेता आपल्या उजव्या बाजूला सरळ राहावे. थंडी-उन्हाच्या चक्रात डांबराला आडव्या भेगा पडतात, त्या अधूनमधून लागतात. रुंद टायर असेल तर त्यांचे काही वाटत नाही, अरुंद टायरवर हातांना दणके बसतात. दोन्ही बाजूंना सेजब्रशची राखाडी-हिरवी झुडपे दूरवर पसरलेली असतात. पावसाची सर येऊन गेली की त्यांचा कडवट, औषधी वास हवेत भरून राहतो. जूनमध्ये याच झुडपांमधून अ‍ॅरोलीफ बाल्समरूटची पिवळी फुले डोके वर काढतात, त्यामुळे एका महिन्याच्या अंतराने आलेल्या दोघांनी या सपाटीचे वर्णन केले तर ती एकच जागा आहे यावर विश्वास बसू नये.

वाटेत बिळांतून तुरुतुरु बाहेर येणाऱ्या जमिनीवरच्या खारी पुष्कळ दिसतात आणि त्या नेमक्या चाकासमोरून पलीकडे पळतात, म्हणून लहान मुलांना ब्रेकवर बोटे ठेवूनच चालवायला सांगावे. मोठ्या प्राण्यांची गोष्ट वेगळी आहे. मार्गाला कुंपण नाही. बायसन (गव्यासारखा प्राणी), एल्क, मूस (वस्तीच्याच नावाचे मोठे हरीण), प्रॉन्गहॉर्न (काळविटासारखा प्राणी) यांना येथे मुक्त संचार आहे आणि अस्वलेही याच भागात वावरतात. नियमानुसार अस्वल व लांडग्यापासून किमान १०० यार्ड आणि इतर प्राण्यांपासून किमान २५ यार्ड अंतर ठेवावे लागते. सायकलची अडचण अशी की ती आवाज न करता वेगाने येते. पायी चालणाऱ्याची चाहूल प्राण्याला आधी लागते, सायकलस्वार मात्र वळणावर अचानक त्याच्या पुढ्यात जाऊन थांबतो. म्हणून झाडीतल्या आणि ओढ्याकाठच्या वळणांवर वेग कमी करून मोठ्याने बोलत जावे. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला पळवून लावणारा तिखट फवारा, जवळ हवा आणि तो पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी नव्हे, तर कमरेला किंवा सायकलच्या दांड्याला, हात घातल्याबरोबर निघेल असा हवा. तो विमानातून नेता येत नाही, हातातल्या सामानातही नाही आणि चेक-इनच्या सामानातही नाही, तेव्हा तो तेथेच घ्यावा लागतो. आमच्या समोर एक बायसन मार्गाच्या कडेला शेपटी हलवत स्वस्थ उभा राहिला, तेव्हा दोन्ही बाजूंना सायकलस्वारांची रांग लागली होती आणि कोणीही त्याला हटवण्याच्या भानगडीत पडले नाही. त्याची मर्जी होईपर्यंत सगळे थांबले. वेळेचे काटेकोर गणित बांधून येथे येणाऱ्याने हा थांबा त्यात धरावा. पाळीव कुत्र्यांना या मार्गावर बंदी आहे, त्याचे कारणही हेच प्राणी आहेत.

मूसपासून तीनेक मैलांवर टॅगर्ट लेकच्या पायवाटेची सुरुवात लागते. उद्यानातल्या पायवाटांवर सायकल नेता येत नाही. टॅगर्ट लेक पाहायचा असेल तर सायकलला कुलूप लावून दीड मैल चालत जावे लागते, त्यामुळे भाड्याच्या सायकलबरोबर कुलूप मागून घेण्यास विसरू नये. यानंतर मार्ग कॉटनवुड क्रीकच्या आसपास येतो आणि दक्षिण जेनी लेकला पोहोचतो. येथे माहिती केंद्र आहे, दुकान आहे आणि तलाव ओलांडून नेणारी बोटही मिळते. पलीकडच्या काठावरून हिडन फॉल्स या धबधब्याकडे चालत जाता येते. जेनी लेकचे पार्किंग हंगामात सकाळीच भरून जाते आणि मोटारी रस्त्याच्या कडेला लांबवर लागतात. मूसला गाडी ठेवून सायकलने आलेला माणूस त्या रांगेला वळसा घालून थेट तलावाच्या काठावर उतरतो, ही सोय एकट्यानेसुद्धा या टप्प्याची शिफारस करायला पुरेशी आहे.

आता उणिवांकडे वळतो. पहिली आणि सर्वांत मोठी उणीव अशी की मार्ग दक्षिण जेनी लेकलाच संपतो. पुढे स्ट्रिंग लेक आहे, ली लेक आहे, सिग्नल माउंटन आहे, पण तिकडे जायचे तर मोटारींबरोबर रस्ता वाटून घ्यावा लागतो. ज्यांना रस्त्यावर चालवण्याची सवय आहे ते जातात; मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबाने तेथूनच मागे फिरावे हे उत्तम. दुसरी उणीव सावलीची. सेजब्रशच्या सपाटीवर मोठी झाडे नाहीत, या उंचीवरचे ऊन हवा गार असली तरी चांगलेच भाजते आणि दुपारनंतर वारा उठतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांचा पाऊस येणे येथे नित्याचे आहे आणि त्या मोकळ्यावर आसरा म्हणून काहीच नाही. या सगळ्याला उपाय एकच आहे, तो म्हणजे सकाळी लवकर निघणे. मार्ग पहाटे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंतच खुला असतो, तेव्हा उजाडताच निघाले तर शिखरांवर पूर्वेचे ऊन पडलेले असते, गर्दी नसते आणि उन्हाचा तडाखा वाढेपर्यंत परतणेही होते. सकाळी थंडी मात्र भरपूर असते, ऐन उन्हाळ्यातही हातमोजे लागतात. परतीच्या वाटेवर उतार आपल्या बाजूचा असला तरी वारा समोरून आला की त्याचा फायदा पार नाहीसा होतो, हे दमून निघणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

मूसहून दुसऱ्या दिशेने, महामार्गालगत अँटेलोप फ्लॅट्स रोडपर्यंतही हा मार्ग जातो. तेथून सुमारे दीड मैल गावठी वळणाच्या शांत रस्त्याने गेले की मॉर्मन रो लागते. १८९० च्या दशकापासून वसत गेलेल्या शेतकऱ्यांची जुनी लाकडी कोठारे तेथे उभी आहेत आणि त्यांच्या मागे टेटन उभा असलेली छायाचित्रे जगभर गेली आहेत. छायाचित्रकाराला जेनी लेकपेक्षा ही बाजू अधिक आवडेल. सायकल चालवण्याचे सुख मात्र जेनी लेकच्या बाजूला अधिक आहे.

शुल्काचा हिशेब थोडा किचकट आहे. जॅक्सन ते मूस हा भाग वापरताना वाटेत प्रवेशद्वार लागत नाही, पण मूसच्या प्रवेशद्वारापुढे सायकलस्वारालाही शुल्क द्यावे लागते. पायी किंवा सायकलने येणाऱ्यास माणशी २० डॉलर आणि खासगी मोटारीस ३५ डॉलर असे सात दिवसांचे दर आहेत. २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या पर्यटकांकडून अकरा लोकप्रिय उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा घेतले जातात आणि ग्रँड टेटन त्या यादीत आहे. अशा पर्यटकांसाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. यलोस्टोनही त्याच यादीत असल्याने दोन्ही उद्याने पाहणाऱ्या कुटुंबाने पासचा विचार आधीच करावा. एवढे पैसे केवळ सायकलमार्गासाठी भरावेत असे मी सांगणार नाही. परंतु उद्यानात जायचेच असेल, तर त्यातली एक सकाळ मोटार बाजूला ठेवून या मार्गाला द्यावी.

राहता राहिले ते निष्णात सायकलस्वार. त्यांना पादचारी, लहान मुले आणि छायाचित्रांसाठी मधेच थांबणारी मंडळी यांच्यामधून वेग घेता येत नाही आणि तो त्यांनी घेऊही नये. त्यांच्यासाठी याच उद्यानात एप्रिलचा पर्याय आहे. टॅगर्ट लेकच्या पायवाटेपासून सिग्नल माउंटन लॉजपर्यंतचा मुख्य रस्ता हिवाळ्यात मोटारींना बंद असतो. वसंतात त्यावरचा बर्फ हटवला जातो आणि १ मे रोजी मोटारी सुरू होण्यापूर्वी काही आठवडे तो सुमारे १४ मैलांचा सगळा रस्ता सायकलस्वारांना व चालणाऱ्यांना मोकळा मिळतो. दोन्ही बाजूंना बर्फ, मधे कोरडा डांबरी रस्ता आणि जेनी लेकच्याही पुढे जाण्याची मुभा, असे तेव्हाचे स्वरूप असते. रस्ता नेमका कोणत्या दिवशी मोकळा होणार हे बर्फावर अवलंबून असते, म्हणून विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी उद्यानाची ताजी सूचना पाहावी आणि त्या दिवसांत भाड्याची दुकाने उघडी असतील की नाही, याचीही फोनवर खात्री करून घ्यावी.